घमेलं डोक्यावरून उतरावं, काम हातातून जाऊ नये

(बांधकामावरच्या कष्टकरी स्त्रियांच्या आरोग्य शिबिराच्या समारोपात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

मैत्रिणींनो,

दोन दिवस आपण आपल्या शरीराविषयी बोलतो आहोत. काल सकाळी भिंतीवर बाईच्या शरीराचं मोठं चित्र लावलं आणि प्रत्येकीला सांगितलं, तुझं जिथे दुखतं तिथे टिकली लाव. संध्याकाळी पाहिलं तर मान टिकल्यांनी झाकून गेली होती. कंबर झाकली होती, गुडघे झाकले होते. ओटीपोटावरच्या टिकल्या मात्र सकाळी नव्हत्या. त्या चहाच्या सुट्टीत लागल्या, खोलीत फारसं कोणी नसताना. त्या कोणी लावल्या हे आम्ही विचारलं नाही. पण मोजल्या. अकरा होत्या.

डॉक्टरबाईंनी त्यावर उपचार सांगितले, व्यायाम सांगितले. ते सगळं करायचंच आहे. पण मला आज बोलायचंय ते टिकली लागण्याच्या आधीच्या गोष्टीविषयी. हे दुखणं ओझ्यातून येतं. मग ते ओझं उचलायला मशीन का नाही? आणि मशीन आलं तर आपलं काय? या दोन प्रश्नांचं उत्तर एकत्र शोधायला हवं. आजवर आपण ते वेगवेगळं शोधलं आणि दोन्हीकडे हरलो, असं माझं मत झालं आहे. त्यात माझीही चूक आहे. ती मी सांगणार आहे.

आधी थोडा हिशेब करू. तुम्ही सगळ्या जणी हाजरीचा हिशेब बोटांवर करता, मग ओझ्याचाही करू. शंभर चौरस मीटरचा स्लॅब घ्या, साडेबारा सेंटिमीटर जाडीचा. म्हणजे मध्यम आकाराचं एक घर. त्याला साडेबारा घनमीटर काँक्रीट लागतं. एक घनमीटर काँक्रीटचं वजन साधारण 2,400 किलो. म्हणजे एका स्लॅबचं वजन झालं 30,000 किलो, तीस टन. घमेल्यात आठ लिटर माल बसतो असं धरलं तर एका घमेल्यातला माल 19 किलोच्या वर जातो, घमेल्याचं लोखंड वेगळं. अशी साधारण 1,560 घमेली झाली की एक स्लॅब होतो.

आता विचार करा, मशीन नसेल तर स्लॅब कसा भरतात? साखळी करून. खालून वर परांचीवर, शिडीवर माणसं उभी राहतात आणि घमेलं हातोहात वर जातं. साखळीत उभ्या असलेल्या प्रत्येकीच्या हातातून सगळी घमेली जातात. एकच साखळी असेल तर प्रत्येक बाईने त्या दिवशी तीस टन वजन आपल्या हातांवर तोललेलं असतं. दोन साखळ्या असतील तर पंधरा टन. तिचं स्वतःचं वजन असतं चाळीस-पंचेचाळीस किलो. आणि संध्याकाळी मुकादम तिच्या नावापुढे लिहितो, बिगारी. म्हणजे कसब नसलेलं, हलकं काम!

विटांचं तेच. एक वीट तीन किलोच्या आसपास. डोक्यावर दहा विटा म्हणजे तीस किलो. चुंबळ ठेवली म्हणून डोक्याला टोचत नाही एवढंच, मानेच्या मणक्यांवर भार तेवढाच पडतो. त्यात कठडा नसलेला जिना, हातात धरायला काही नाही, कारण दोन्ही हात वर. पायाखाली काय आहे ते दिसत नाही, कारण मान वाकवता येत नाही.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, नायॉश नावाची. वजन किती उचलावं याचं सूत्र तिने 1991 साली सुधारलं. त्यात सगळी परिस्थिती उत्तम असेल, म्हणजे ओझं शरीराच्या जवळ आहे, वाकावं लागत नाही, वळावं लागत नाही, अधूनमधूनच उचलायचं आहे, तर मर्यादा धरली आहे 23 किलोची. वाकावं लागलं की ती कमी होते. कमरेत वळावं लागलं की आणखी कमी. मिनिटाला दोन-तीनदा उचलावं लागलं की आणखी कमी. आपल्या साखळीत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. म्हणजे तिथे 19 किलोचं घमेलंसुद्धा जड आहे. ते 'हलकं काम' नाही.

मग शरीराचं काय होतं? मानेचा मणका झिजतो, हाताला मुंग्या येतात. कंबर धरते. आणि ज्याविषयी आपण खोलीत कोणी नसतानाच बोलतो, ते अंग बाहेर येणं. जड उचलताना पोटात दाब वाढतो, तो खाली जातो. बाळंतपणात सैल झालेल्या स्नायूंना भरून यायला वेळ लागतो. तो वेळ आपल्याकडे कुठे असतो? बाळंतीण महिन्या-दीड महिन्यात परत घमेलं घेऊन उभी राहते, कारण रजा नाही आणि घरात दुसरी हाजरी नाही.

यातली गंमत, म्हणजे कडू गंमत, अशी की हे कुठेच नोंदलं जात नाही. बाई परांचीवरून पडली तर त्याला अपघात म्हणतात. पोलीस येतात, भरपाईची भाषा होते, मिळो न मिळो. पण तीच बाई पंधरा वर्षं झिजत झिजत चाळिसाव्या वर्षी कामातून उठली, तर म्हणतात वय झालं. झिजणं हीसुद्धा कामावर झालेली इजाच आहे. हे आधी आपल्या आपण मान्य करायला हवं, मग दुसऱ्यांना सांगता येईल.

आता माझ्या चुकीविषयी. सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शहराच्या कडेला एका इमारतीच्या कामावर ठेकेदाराने लिफ्टवालं मिक्सर मशीन आणलं. मजूर अड्ड्यावर बातमी पोचली. पूर्वी स्लॅबला तीस माणसं लागायची, आता बारा पुरणार होती. कोण कमी होणार ते सगळ्यांना माहीत होतं. बाया घाबरल्या, चिडल्या. आम्ही बैठक घेतली. मी तेव्हा जोशात भाषणं करायचे. मी घोषणा लिहून दिली, "मशीन हटवा, मजूर वाचवा." टाळ्या पडल्या.

मागे एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही एक दिवस स्लॅबवर या. साखळीत उभ्या राहा. मग सांगा मशीन हटवायचं का ते."

मी गेले. खोटं कशाला सांगू, पूर्ण दिवस नाही, दोन तास उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला केस विंचरायला हात वर नेता येईना. त्या बाई त्याच रात्री घरी जाऊन सात माणसांच्या भाकरी थापत होत्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. मशीन यायलाच पाहिजे." तर त्या म्हणाल्या, "ते खरंच. पण मशीन आल्यावर मला कोण बोलावणार? ते पण खरंच." मग हसून म्हणाल्या, "दोन्ही खरं आहे ताई. तुम्ही एकच धरता."

मैत्रिणींनो, ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आपल्या चळवळीत आपण पुष्कळदा एकच धरतो. आरोग्यावर काम करणाऱ्या म्हणतात ओझं कमी करा. रोजगारावर काम करणाऱ्या म्हणतात यंत्र थांबवा. आणि बाईला दोन्ही पाहिजे असतं. मान पण पाहिजे, हाजरी पण पाहिजे.

त्या कामावर काय झालं? आमच्या घोषणेने मशीन थांबलं नाही. ठेकेदाराने ते आणलं आणि अठरा माणसं कमी केली. त्यातल्या चौदा बाया होत्या. मशीनच्या दांड्यावर कोण बसला? एक विशीतला मुलगा, ठेकेदाराच्या गावचा. त्याला कामाचा आधी काही अनुभव नव्हता. आठ दिवसांत शिकला आणि बाईच्या दीडपट हाजरी घ्यायला लागला. आम्ही 'मशीन नको' एवढंच म्हणत बसलो, म्हणून 'मशीन कोण चालवणार' हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास बघा. रीलिंग आणि वाइंडिंग खात्यांत बाया भरपूर होत्या. 1920 च्या दशकात गिरण्यांतल्या पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. नंतर गिरण्यांची फेररचना झाली, नवी वेगवान यंत्रं आली, आणि बायांची संख्या घटत घटत नगण्य झाली. त्या खात्यांतलं काम संपलं नाही, बायांचं तिथलं स्थान संपलं. झरिया-राणीगंजच्या कोळसा खाणींत बाया टोपल्यांतून कोळसा वाहायच्या. 1929 च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने भूगर्भातून बाहेर काढायचं ठरलं. युद्धात कोळसा कमी पडला तेव्हा 1943 साली बंदी उठली, आणि गरज सरल्यावर 1946 साली परत लागली. मग 1952 च्या खाण कायद्यात ती कायम झाली. बायांना खाणीत खाली उतरण्याची पुन्हा परवानगी मिळायला 2019 साल उजाडलं. कारण सांगितलं गेलं संरक्षणाचं. पण संरक्षण म्हणून बाईला बाहेर काढलं आणि दुसरं काम दिलं नाही, तर ते कसलं संरक्षण?

म्हणजे धोका कमी करण्याचे दोन मार्ग असतात. एक, ओझं काढायचं. दुसरा, बाई काढायची. दुसरा मार्ग स्वस्त पडतो. आपल्याला पहिल्याचा आग्रह धरायचा आहे.

आता मशीन म्हणजे नेमकं काय, ते बघू. आपण 'मशीन' असं एका शब्दात म्हणतो, पण त्यात फरक आहे. प्रत्येक मशीन कुठलं ओझं काढतं आणि कुठलं ठेवतं, हे आपल्याला माहीत पाहिजे.

छोटा हॉइस्ट असतो. एक मोटर, तिच्यावर विंच, तारेचा दोर आणि वर-खाली जाणारी बादली किंवा पाळणा. समजा एका फेरीत 250 किलो माल जात असेल, तर आपल्या हिशेबातला तीस टनांचा स्लॅब 120 फेऱ्यांत वर जातो. जिन्यावरच्या खेपा संपल्या, शिडीवरची साखळी संपली. मान, गुडघे आणि पडण्याची भीती, तिन्हीवर हा मोठा उपाय आहे. माझ्या मते सगळ्यात आधी मागायचं ते हेच.

लिफ्टवालं मिक्सर कालवायचं काम आणि वर न्यायचं काम, दोन्ही करतं. पण त्याच्या हॉपरमध्ये वाळू-खडी भरायची कुणी? बायांनीच, घमेल्याने, वाकून. आणि आता वेग ठरवणार मशीन. पूर्वी साखळी थकली की आपोआप सगळ्यांचाच वेग मंदावायचा. मशीन थकत नाही. म्हणून मशीन आल्यावर काही जणींची कंबर आधीपेक्षा जास्त दुखते. त्याला उपाय आहेत. वाळू-खडीचा ढीग हॉपरच्या जवळ करायचा, भरायला ढकलगाडी द्यायची, दर तासाला जागा बदलायच्या, विश्रांती ठरवून घ्यायची. वर माल पोचल्यावर स्लॅबवर पसरायलाही डोक्यावर घमेलं न देता चाकाची गाडी आणि त्यासाठी फळ्यांची वाट द्यायची. मशीन आणि त्याच्या पुढचा-मागचा बंदोबस्त हे एकत्रच मागायचं. अर्धं मशीन घेऊ नका.

तिसरं म्हणजे बाहेरून गाडीतून येणारं तयार काँक्रीट आणि ते वर ढकलणारा पंप. मोठ्या कामांवर आता हेच. तिथे घमेलंच नाही आणि बायाही जवळजवळ नाहीत.

आणि मशीन म्हणजे आपोआप सुरक्षितता, असंही समजू नका. दुखण्याच्या जागी मोठा अपघात आणण्याची ताकद मशीनमध्ये असते. साडीचा पदर किंवा वेणी पट्ट्यात सापडते. हॉपर वर असताना खाली साफ करायला गेलेल्या माणसावर तो उतरतो. झिजलेला दोर तुटतो. घाई म्हणून माणसं पाळण्यातून वर जातात. ओल्या जागेत मोटरचा शॉक बसतो. म्हणून कामावर हॉइस्ट दिसला की आपण काय बघायचं, ते सांगते. लिहून घ्या, नाहीतर एकमेकींना पाठ करून दाखवा.

मोटरच्या पट्ट्यावर आणि चाकांवर जाळी किंवा झाकण आहे का? किती किलो माल चढवायचा ते ठळक लिहिलं आहे का, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी घमेल्यांचा आकडा ठरवून सांगितला आहे का? तारेच्या दोराचे धागे तुटलेत का, गंज आहे का, तो शेवटचा कधी बदलला? प्रत्येक मजल्यावर माल उतरवायच्या जागी फाटक आहे का? खाली उभं राहायची मनाई असलेली जागा आखली आहे का? वरच्या आणि खालच्या माणसाच्या घंटीच्या खुणा ठरल्या आहेत का? बंद करायचं बटण हाताशी आहे का? मोटरला अर्थिंग आहे का? हॉपर साफ करण्याआधी तो अडकवून ठेवायची कडी लावतात का? मशीनची तपासणी झाल्याचा कागद आहे का? आणि माणसं त्यातून वर-खाली जातात का? जात असतील तर आपण जायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी. साडीवर शर्ट, पदर खोचलेला, केस बांधलेले. हे नटण्याबिटण्याचे नियम नाहीत, जीव वाचवण्याचे आहेत.

कायद्याकडे येते. बांधकाम मजुरांसाठी मोठ्या लढ्यानंतर 1996 साली कायदा झाला आणि 1998 साली त्याचे केंद्रीय नियम. त्या नियमांत वजनाची मर्यादा लिहिली होती. प्रौढ पुरुषाला 55 किलो, प्रौढ स्त्रीला 30 किलो. त्याहून जास्त असेल तर दुसऱ्या माणसाची किंवा यंत्राची मदत हवी. आता सांगा, सिमेंटची गोणी किती किलोची? पन्नास. म्हणजे त्या नियमाप्रमाणे एकट्या बाईने गोणी उचलणंच नियमाबाहेरचं होतं. तुमच्यापैकी किती जणी एकटीने गोणी पाठीवर घेतात? हात वर करा. बघा.

ज्यांच्या संघटना मजबूत आहेत त्यांनी हा प्रश्न कसा लढवला तेही बघा. बाजार आवारातले हमाल पूर्वी शंभर किलोचं पोतं पाठीवर घ्यायचे. पुण्यात बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली 1955 साली हमाल पंचायत उभी राहिली, 1969 साली माथाडी कायदा झाला. पोतं पन्नास किलोच्या वर नको, ही मागणी हमालांनी आणि माथाडींनी लावून धरली, जास्तीचं पोतं उचलणार नाही म्हणून काम बंद ठेवलं. पोत्याचं वजन हा संघटनेचा प्रश्न होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. मग घमेल्याचा आकार हा आपला प्रश्न का होऊ नये? मशीन येईपर्यंत निदान लहान घमेलं मागता येतं. दोघींनी मिळून गोणी उचलणं ठरवता येतं. त्याला पैसे लागत नाहीत.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1996 चा कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत गेला. या संहितांविषयी आपले आक्षेप आहेत, त्यावर वेगळं बोलू. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, वजनाची मर्यादा नव्या नियमांत ठळक राहिली पाहिजे, ढिली होता कामा नये, यावर आपण डोळा ठेवायचा. दुसरी, या संहितेच्या 43 व्या कलमात म्हटलं आहे की स्त्रियांना सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर नेमणूक मिळण्याचा हक्क आहे. हे वाक्य मालकांना रात्रपाळीसाठी हवं होतं. आपण ते मशीनसाठी वापरू. 'बाईला मशीन देत नाहीत' असं कोणी म्हणालं की विचारायचं, कुठल्या कायद्यात लिहिलंय?

आणि बाईला जमत नाही म्हणाल, तर देशात आज काय चाललंय ते सांगते. झारखंडमध्ये नोआमुंडीच्या लोहखनिज खाणीत बाया अवाढव्य डंपर चालवतात. केरळात विळिंजम बंदरावर मच्छीमार वस्तीतल्या मुली मोठमोठे कंटेनर उचलणाऱ्या क्रेन चालवतात, हे 2025 साली सगळ्या देशाने पाहिलं. तिथे ओझं कित्येक टनांचं असतं आणि हात असतो बटणावर. मशीन आल्यावर ताकदीचा मुद्दाच उरत नाही, मग उरतं ते फक्त शिकवणं. अहमदाबादला सेवा संघटनेने 2003 साली बांधकाम मजूर बायांसाठी 'कर्मिका' शाळा काढली, ती याच विचाराने. बिगारी म्हणून राहाल तर यंत्र तुम्हाला हटवेल, कसब घ्याल तर टिकाल.

आमचा स्वतःचा अनुभव लहान आहे. फुगवून सांगत नाही. मागच्या वेळच्या चुकीनंतर काही वर्षांनी दुसऱ्या एका कामावर हॉइस्ट येणार असं कळलं. या वेळी आम्ही आधीच गेलो. म्हटलं, मशीन आणा, आमचा विरोध नाही. पण चालवायला दोन बाया शिकवा. ठेकेदार हसला. मशीनवाला म्हणाला, बाई घाबरून दांडा सोडेल. आम्ही म्हटलं, तीन आठवडे तुझ्याशेजारी उभी राहू दे, मग बोल. दोघी उभ्या राहिल्या. त्यातली एक तर आवाजावरून सांगायला लागली, "भाऊ, क्लच घासतोय." दोरात तुटलेला धागा पहिल्यांदा तिनेच दाखवला. कारण खाली जे उभे असतात ते तिचे बहीणभाऊ असतात, तिला माहीत आहे दोर तुटला तर कोण मरेल ते.

दोघी शिकल्या. त्या कामावर दोघींनी मशीन चालवलं. पुढच्या कामावर ठेकेदाराने आपल्या पुतण्याला बसवलं. आज त्यातली एक मशीनवर आहे, दुसरी परत घमेल्यावर. म्हणून मी म्हणते, एकेका ठेकेदाराच्या मर्जीवर हे चालणार नाही. शिकल्याचा कागद पाहिजे, नोंद पाहिजे, आणि अड्ड्यावर एकी पाहिजे.

आता तुमच्यापैकी काही जणी मनात म्हणत असतील, ताई, मशीनवर दोघी बसल्या, पण बाकीच्या बारा घरी गेल्या त्यांचं काय? हा खरा प्रश्न आहे आणि त्याला सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण काही वाटा दिसतात. हॉइस्ट चालवणं हे एकच कसब नाही. खाली भरणं, वर उतरवून घेणं, घंटीच्या खुणा देणं, मशीन पुसणं-तपासणं, गवंडीकाम, फरशी, प्लास्टर, रंग. जिथे स्लॅबचं काम उक्तं घेतलं जातं, तिथे टोळीने ठरवावं की मशीनमुळे वाचलेला पैसा सगळा ठेकेदाराच्या खिशात जाणार नाही. त्यातून हाजरी वाढेल, तास कमी होतील. बारा तासांचं काम आठ तासांत झालं, तर चार तास कुणाचे? आपले.

पैसा नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो, मजुरांच्या कल्याणासाठी. महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ 2011 साली स्थापन झालं. देशभर या उपकराचे हजारो कोटी रुपये खर्च न होता पडून राहतात, यावर सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ताशेरे मारले. भांड्यांचा संच आणि पेट्या वाटून ते पैसे संपवण्यापेक्षा त्यातून बायांना मशीन शिकवा, शिकतानाची हाजरी भरून द्या, असं आपण मंडळाला सांगितलं पाहिजे. शिकताना हाजरी बुडते म्हणूनच बाई शिकायला येत नाही, इच्छा नसते म्हणून नव्हे. आणि पाळणाघराशिवाय हे होणार नाही. लेकरू वाळूच्या ढिगावर असताना कुठली आई मशीनवर लक्ष देईल?

तर आज इथून उठताना आपण काय ठरवायचं, ते मांडते. तुम्ही भर घाला.

पहिलं, प्रत्येक अड्ड्यावर दुखण्याची वही ठेवायची. पडझडीचीच नाही, झिजण्याचीही. नाव नको, वय, कामाची वर्षं आणि काय दुखतं एवढंच. ओटीपोटाचंही लिहायचं.

दुसरं, तळमजल्याच्या वर माल चढवायचा असेल तर हॉइस्ट पाहिजे, ही मागणी आपणच पुढे करायची. मशीन आपल्यावर येऊन आदळण्याची वाट बघायची नाही.

तिसरं, मशीन येईल तिथे निम्म्या चालक बाया. हाजरी चालकाची. 'बिगारी बाई मशीनवर बसली' म्हणून बिगारीची नाही.

चौथं, मशीन येईपर्यंत लहान घमेलं आणि गोणी दोघींनी. हे उद्यापासून.

पाचवं, गरोदर आणि ओली बाळंतीण बाई साखळीत उभी राहणार नाही. तिला बसून करायचं काम मिळेल आणि हाजरी पूर्ण मिळेल. हे मुकादमाने दिलं नाही तर टोळीने द्यायचं.

त्या मावशी आता काम करत नाहीत. मान फारशी वळत नाही त्यांची, आपल्याशी बोलायचं तर अख्ख्या वळतात. गेल्या महिन्यात भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, "मशीनवरची ती पोरगी अजून आहे ना?" मी म्हटलं, आहे. त्या म्हणाल्या, "एकच? अजून एकच?"

याचं उत्तर पुढच्या शिबिरापर्यंत बदलायचं आहे. ते तुमच्या-माझ्या हातात आहे. एवढं बोलून थांबते.

कष्टकरी स्त्रियांची एकजूट, जिंदाबाद!